आमच्या वॉर्डातलं पोरांचं केंद्र: पाचपैकी चार स्टार, एक स्टार पगार थकवला म्हणून कापला

आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर बारा ते अठरा वयाच्या पोरांसाठी संध्याकाळचं केंद्र चालतं, चालवते एक संस्था आणि पैसे येतात महापालिकेच्या महिला व बालकल्याणच्या बजेटमधून. माझ्या बहिणीचा मुलगा तिथं जातो म्हणून लिहितेय. दाजी गेल्यापासून तो नववीत शाळा सोडून बसलेला, दिवसभर रील बघायचा आणि रात्री कट्ट्यावर मोठ्या पोरांच्यात. ज्यांच्या घरात असं पोरगं आहे त्यांनी नक्की वाचा.

जागा बघून कुणी इम्प्रेस होणार नाही, दोन खोल्या, कॅरम, बॉक्सिंगची एक बॅग, जुने कॉम्प्युटर ज्यातले निम्मे चालतात. पंखे आहेत, संडास स्वच्छ असतो, पाणी आहे. बास.

खरी गोष्ट म्हणजे तिथले दादा आणि ताई. दादा हजेरी घेतात पण नुसती टिक मारायला नाही, पोरगं सलग दिसलं नाही की ते घरी येतात, रागवत नाहीत, चहा घेतात, आईशी बोलतात आणि मग हळूच विचारतात काय रे, हल्ली कुणाच्या गाडीवर दिसतोस. त्यांना वस्तीतली सगळी साखळी माहितीय. आधी वडापाव खायला घालणार, मग गाडीवर मागं बसवणार, मग भाईच्या बड्डेला तलवारीनं केक कापतानाच्या व्हिडिओत उभं करणार आणि मग एक दिवस म्हणणार हे जरा घरात ठेव, तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाय. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांमध्ये अल्पवयीन पोरं किती दिसतात ते आपण सगळे वाचतोच.

ताई दर महिन्याला आईवडलांची मीटिंग घेतात आणि कायदा सोप्या भाषेत सांगतात. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं की २०१५ चा जो बाल न्याय कायदा आहे, जानेवारी २०१६ पासून लागू झालेला, त्यात सोळाच्या पुढच्या पोरानं फार गंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटलासुद्धा चालू शकतो, म्हणजे तुला काय होत नाय हे साफ खोटं आहे. आणि जो मोठा माणूस पोरांना अशा कामाला लावतो त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे ऐकल्यावर आमच्या पोराचा चेहरा उतरला होता, मी बघितलंय.

मध्यंतरी एका मारामारीत त्याचं नाव आलं. बहीण रडायलाच लागली, मला काही सुचेना. दादा स्वतः आमच्याबरोबर चौकीत आले, बाकड्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांना भेटायचंय. प्रत्येक पोलीस स्टेशनला असा एक अधिकारी असावा लागतो, मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, पकडलं तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पोरगा त्या वेळी तिथं नव्हताच हे बोलण्यातून निघालं आणि आम्ही रात्री घरी आलो. एकट्या बहिणीला हे जमलं असतं का? नाही.

आता तो १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतोय. शाळेतून दाखला काढायला ताई बरोबर गेल्या, बालसंगोपन योजनेचा अर्जही त्यांनीच भरून दिला, महिन्याला २२५० रुपये मिळतात त्यात, बापाविना पोर असलं तरी घरोघरी ही योजना माहितीच नसते.

आता तो कापलेला स्टार. मार्च संपला की दादा-ताईंचं मानधन अडकतं. करार अकरा महिन्यांचा, मग फाइल, मग ऑडिट, मग नवीन टेंडर, आणि तेवढ्या काळात हे दोघं उधारीवर जगतात. आधीचे एक सर याच कारणानं सोडून गेले आणि त्यांच्या बॅचची बरीच पोरं पुन्हा कट्ट्यावर गेली. मला याचा मनापासून राग येतो. महापालिकेला बजेटच्या ५ टक्के महिला-बालकल्याणला ठेवावे लागतात, त्यातून शिलाई मशीन देतात, सायकली देतात, द्या ना, गरजेचंच आहे, पण पंधरा वर्षांच्या पोरासाठी त्यात काय असतं? रंगरंगोटीला आणि उद्घाटनाच्या बोर्डाला पैसे निघतात, मग माणसाच्या पगाराला का नाही निघत? नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं तेव्हा कुठलं मोठं स्टेडियम नव्हतं, बॉल होता आणि रोज येणारे सर होते. आमच्याकडेही नेमकं तेच हवंय, तीन वर्षांचा करार आणि महिन्याच्या महिन्याला मानधन, नवीन टाइल्स नकोत.

अजून एक, मुलींची बॅच फक्त शनिवारी असते, ती रोज पाहिजे. जागा तीच असल्यामुळे वेळ वाटून द्यावी लागेल पण होईल, ताईंची तयारी आहे.

फी काही नाही. संध्याकाळी पाच ते साडेआठ, रविवारी सकाळी ग्राउंडवर मॅच. आधार कार्ड नसलं तरी घेतात, कागद नंतर करून देतात. पहिल्या दिवशी पोराला एकट्याला पाठवू नका, घरचं कुणीतरी बरोबर जा आणि दादांना पाच मिनिटं बाजूला घेऊन घरची परिस्थिती खरी खरी सांगा. आणि वॉर्ड ऑफिसला जाल तेव्हा या केंद्राच्या मानधनाची फाइल कुठं आहे ते विचारा, आम्ही चार-पाच आया विचारायला लागलो तेव्हा मागच्या वेळी ती हलली होती.