शनिवारी जा, रविवारी नको: काळा घोडा ते कुलाबा गॅलरी फेरी

थंडीचे दोनतीन महिने म्हणजे मुंबईत चित्रं आणि फोटो बघायचा खरा सीझन. हवा बरी असते, जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड, त्याच्या पाठोपाठ काळा घोडा फेस्टिव्हल. आता फेस्टिव्हलबद्दल माझं मत विचारलंत तर चित्रं बघायची असतील तर त्या आठवड्यात जाऊच नका, खांद्याला खांदा लागतो आणि प्रत्येक कामासमोर कोणीतरी पाठ करून सेल्फी काढत असतं. आधीचा किंवा नंतरचा एखादा शनिवार पकडा. रविवारी बहुतेक खासगी गॅलऱ्या बंद असतात, सोमवारी एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) बंद, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला खरं तर शनिवारच उरतो, आणि हे कोणी आधी सांगत नाही.

सुरुवात जहांगीर आर्ट गॅलरीपासूनच करा. १९५२ ची इमारत, दुर्गा बाजपेयींनी डिझाइन केलेली, एंट्री फुकट, सकाळी अकराला उघडतं. मंगळवार ते सोमवार असा एकेका शोचा आठवडा असतो त्यामुळे दर वेळी वेगळं काहीतरी बघायला मिळतं. दर्जा? खरं सांगायचं तर लॉटरी आहे. एका हॉलमध्ये गणपती, घोडे आणि वाराणसीचे घाट, बाजूच्याच हॉलमध्ये असं काम की पाय निघत नाही. पण जहांगीरची खरी मजा अशी की चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, कधी कोल्हापूरचा, कधी नाशिकचा, स्लॉट मिळायला वर्षानुवर्षं थांबलेला, आणि मराठीत विचारलं की भडाभडा बोलतो. रंग कुठला, कॅनव्हास सोडून कागदावर का गेला, सगळं सांगतो. ही सोय शहरातल्या कुठल्याच पॉश गॅलरीत नाही. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, तीही बघा. (आतलं समोवार कॅफे बंद झालं २०१५ ला, त्यामुळे चहाची सोय आता बाहेरच बघायची, ते दुःख वेगळं.)

समोर एनजीएमए. नाममात्र तिकीट. १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, पूर्वी इथे सभा आणि मैफिली व्हायच्या, १९९६ पासून गॅलरी. आतून गोलाकार, चढत चढत घुमटापर्यंत जायचं, त्यामुळे खाली जवळून बघितलेलं मोठं चित्र वरच्या मजल्यावरून परत दिसतं आणि तेव्हा त्याची रचना कळते. मोठे रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे एकाच चित्रकाराचं आजवरचं काम एकत्र मांडणारे शो, बघायला याच्यासारखी जागा नाही. २०१९ मध्ये इथे आधी प्रभाकर बरवे आणि वर्षाच्या शेवटी सुधीर पटवर्धन या चित्रकारांचे असे दोन मोठे शो झाले. पटवर्धन म्हणजे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत करत लोकल, चाळी, इराणी हॉटेलं, लोअर परळ रंगवणारा माणूस, आपण रोज जे बघून न बघितल्यासारखं करतो ते सगळं त्यांच्या चित्रात असतं. ज्यांना मॉडर्न आर्ट कळत नाही असं वाटतं त्यांना मी पटवर्धनांचं चित्र दाखवते, नंतर बरव्यांचं, कारण ते जास्त अमूर्त. उलट्या क्रमाने नाही. मात्र इथे जायच्या आधी काय चालू आहे ते बघून जा, दोन शोच्या मधे हॉल रिकामा असू शकतो.

मग खासगी गॅलऱ्या. केमोल्ड गॅलरीवाले आधी चित्रांच्या फ्रेमा करायचे, १९६३ ला जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली आणि २००७ पासून फोर्टात प्रेस्कॉट रोडला क्वीन्स मॅन्शनमध्ये आहेत, मोठी, उजेडाची जागा. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८ एका जुन्या छापखान्यात आहे. झवेरी कंटेम्पररी, चॅटर्जी अँड लाल ही सगळी चालत जाण्याच्या अंतरात. यातल्या बऱ्याच ठिकाणी बाहेरून काही कळत नाही, जुनी बिल्डिंग, जिना, बंद दार, आणि सोनाराच्या दुकानात नुसतं बघायला शिरल्यासारखं दडपण येतं. येऊ देऊ नका. फुकट असतं, बेल वाजवा, आत जा, टेबलावरचा छापील कागद उचला कारण नावं भिंतीवर नसतात, त्या कागदावर असतात. कोणी काही विकत घ्या म्हणत नाही. आता तक्रार, आणि ही एका जागेची नाही तर जवळपास सगळ्या खासगी गॅलऱ्यांची, की तो कागद इंग्रजीत असतो आणि इंग्रजीही अशी की इंग्रजी येणाऱ्यालाही घाम फुटावा. चार ओळी साध्या मराठीत लिहायला काय हरकत आहे, चित्रकार निम्मे तर इथल्याच जेजे कला महाविद्यालयातून शिकलेले!

फोटोग्राफीवाल्यांसाठी एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्राची पिरामल गॅलरी, नरिमन पॉइंटला. छोटी आहे पण फोटोंसाठीच आहे. फोटो भिंतीवर बघताना एक गोष्ट बघा, खाली ३/८ असं काही लिहिलेलं असेल तर म्हणजे त्या फोटोच्या आठच प्रिंट निघणार आणि हा तिसरा. किंमत त्यावरून ठरते. आणि जुना सिल्व्हर जिलेटिन प्रिंट (फिल्मवरून डार्करूममध्ये काढलेला कृष्णधवल फोटो) कुठे लागलेला दिसला तर जवळ जाऊन काळा रंग बघा, डार्करूममधला तो काळा मोबाइलच्या स्क्रीनवर येतच नाही, मी सांगून पटणार नाही.

जायला आता सोपं झालंय, मेट्रो ३ ने हुतात्मा चौकला उतरा, तिथून काळा घोडा पायी. सगळं एका दिवशी बघायचा अट्टाहास नको, तीन जागा खूप झाल्या, चौथ्या जागी डोळे काही घेत नाहीत. वेळच कमी असेल तर जहांगीर आणि एनजीएमए, समोरासमोर आहेत. मुलं बरोबर असतील तर जहांगीरच, तिथे आवाज झाला तरी कोणी वळून बघत नाही.