पाटीवरच्या पदव्या आणि रात्री दोनची ड्युटी

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयाच्या ट्रॉमा आणि सर्जिकल आयसीयूबद्दल लिहितोय. पाचपैकी चार तारे. नाव देत नाही, कारण थोड्या तक्रारीही आहेत आणि भाच्याचा फॉलोअप अजून तिथेच चालू आहे.

मी एसटीत 32 वर्षं होतो, शेवटची 11 वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे कुठेही गेलो की आधी ड्युटी कोणाची आहे ते बघायची खोड. आयसीयूबाहेर स्टीलच्या बाकावर चौदा दिवस काढले. समोर डॉक्टरांच्या नावांची भली मोठी पाटी. इतक्या दिवसांत ती पाठ झाली. मग एकेका पदवीचा अर्थ काय, ते दिसेल त्याला विचारत गेलो.

जानेवारीत, ऊस ऐन भरात असताना, चंदनापुरी घाटाजवळ भाच्याची मोटारसायकल बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळली. 108 लवकर आली. त्या गाडीतले डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले. मानेला पट्टा, ऑक्सिजन, सलाईन सगळं त्यांनी रस्त्यावरच केलं आणि पोराला उचलताना एकालाही मान हलवू दिली नाही. संगमनेरहून पुढे नाशिकला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

कॅज्युअल्टीत एक पोरगेलासा डॉक्टर. भाच्याची मांडी मधूनच वाकलेली, बघवत नव्हती. आणि हा माणूस पायाकडे ढुंकून बघेना! आधी घसा, मग छाती, मग पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवत बसला. मी ओरडलो, "अहो, पाय बघा ना आधी!" तो शांतपणे म्हणाला, "काका, पाय थांबेल. श्वास थांबणार नाही." फुप्फुसाभोवती हवा साठली होती. माझ्यासमोर त्याने बरगड्यांमधून नळी घातली. प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेला अवयव, फाटून पोटात रक्तही साचत होतं, ते त्या सोनोग्राफीतच कळलं.

हा डॉक्टर एमडी इमर्जन्सी मेडिसिन. आपल्याकडे या विषयाला मान्यताच मिळाली 2009 साली. त्याआधी कॅज्युअल्टीला बहुतेक ठिकाणी नवखा एमबीबीएस उभा असायचा आणि मोठ्या डॉक्टरला फोन लावायचा. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव, हा क्रम एटीएलएस नावाच्या, गंभीर जखमींच्या तातडीच्या उपचारांच्या कोर्समध्ये घोटवून घेतात. त्या कोर्सच्या जन्माची कथा मला या डॉक्टरनेच सांगितली. 1976 साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या शेतात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान पडलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या छोट्या इस्पितळात मुलांना मिळालेले उपचार बघून तो हादरला. त्यातून 1978 साली पहिला कोर्स झाला. त्याचं प्रमाणपत्र चार वर्षांपुरतंच असतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आमच्या ड्रायव्हरांच्या बॅजसारखंच, नूतनीकरण केल्याशिवाय चालत नाही. पाटीवर मात्र एटीएलएसचा उल्लेख एकाही नावापुढे नाही. जे सगळ्यात आधी कामाला आलं, तेच लिहिलेलं नाही.

आता सर्जन. इथे माझी चूक कबूल करतो. हिरव्या कपड्यांत एक बाई आल्या, मी त्यांना म्हणालो, "सिस्टर, सर्जन कधी येणार?" त्या म्हणाल्या, "आल्या. सही कुठे करायची ते दाखवते." पाटीवर त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत, पुढे फक्त एमएस जनरल सर्जरी. वरच्या दोन नावांपुढे पदव्यांची मालगाडी. नंतर कळलं, त्या डब्यांतले काही डबे म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या काही दिवसांच्या अभ्यासक्रमांच्या फेलोशिप. पित्ताशय काढायला उपयोगी असतील, नाही म्हणत नाही. पण या बाईंनी एमएसची तीन वर्षं मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात काढलेली. लोकलमधून पडलेले, हायवेवर चिरडलेले, सगळे तिथे येतात. "फाटलेली प्लीहा मी पहिल्या वर्षातच बघितली होती," एवढंच त्या म्हणाल्या. पाऊण तासात प्लीहा काढून बाहेर आल्या. मांडीला त्या रात्री हाडांच्या डॉक्टरांनी नुसती बाहेरून सळयांची चौकट बसवली. आतला रॉड पाचव्या दिवशी, रक्तदाब सावरल्यावर. मला आधी ती टाळाटाळ वाटली होती.

न्यूरोसर्जन एमसीएच. म्हणजे साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, वर आणखी तीन. माणूस विद्वान असणार. पण पाटीवर '24 तास उपलब्ध' आणि प्रत्यक्षात मंगळवार-शुक्रवार, बाकी वेळी फोनवर. भाच्याचा ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचे गुण, पंधरापैकी तेरा होता, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत काही निघालं नाही, म्हणून निभावलं. एक तारा इथेच कापला. आमच्याकडे शेड्यूलवर नाव असून ड्रायव्हर हजर नसेल तर गाडी रद्द म्हणून नोंद व्हायची. इथे गाडी सुटली असं लिहून मोकळे.

आयसीयूत रात्री आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर असतात, ते बीएचएमएस, होमिओपॅथीची पदवी घेतलेले. मॉनिटरवर लक्ष ठेवणं, नोंदी, फोन करणं ते नीट करतात, पण निर्णय त्यांचा नसतो, आणि हे नातेवाइकांना आपणहून सांगत नाहीत. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास भाच्याचा ऑक्सिजन घसरायला लागला. तेव्हा धावत आल्या त्या रात्रीच्या मॅडम. एमडी भूलशास्त्र, वर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा डिप्लोमा, आयडीसीसीएम. भूल देणारा डॉक्टर म्हणजे ऑपरेशनपुरता, हा माझा समज होता. व्हेंटिलेटर, बेशुद्ध ठेवायची औषधं, लघवीचा हिशेब, सगळं त्यांच्याच हातात. मॅडमनी नळीत साचलेला कफ ओढून काढला, व्हेंटिलेटरचे आकडे बदलले आणि चार वाजेपर्यंत खाटेजवळून हलल्या नाहीत. मी दाराच्या काचेतून बघत होतो.

सिस्टरांबद्दल पाटीवर एक अक्षर नाही. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर, हा हिशेब तिथे दिवसा पाळतात, रात्री दोघांत एक. आमच्या खाटेची सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, मूळची केरळची, मराठी अस्सल नाशिकची. दर दोन तासांनी पोराला कुशीवर वळवायची, म्हणून पाठीला एक जखम झाली नाही.

बाकी किरकोळ. माहिती सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, मध्ये विचारलं तर कपाळाला आठ्या. बिलात हातमोज्यांचे इतके जोड की अख्ख्या डेपोला पुरतील. कँटीनचा चहा पांचट, त्यापेक्षा गेटसमोरच्या टपरीवर जा. प्लीहा गेली की न्यूमोकोकस वगैरे जंतूंच्या लसी घ्याव्या लागतात, त्या घरी सोडायच्या दिवशी न विसरता दिल्या आणि कार्डही करून दिलं, हे चांगलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर रिसेप्शनला पदव्या विचारू नका, तीन गोष्टी विचारा: आज रात्री आयसीयूत इमारतीच्या आत कोण आहे, त्यांनी आधी कुठे काम केलंय, आणि पाटीवरचे कोण फोनवरचे आहेत. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मी सर्जनबाईंचा पडताळला, भाचा शुद्धीवर आल्यानंतर. आधी हिंमत झाली नाही.

मागच्या आठवड्यात फॉलोअपला गेलो. भाचा आता काठी घेऊन चालतो. काउंटरवर अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहायला बसलो, तर पहिलाच रकाना 'डॉक्टरांचे नाव'. रात्रीच्या मॅडमचं नाव मला माहीतच नव्हतं. पाटीपाशी जाऊन वरपासून खालपर्यंत वाचलं, त्यांचं नाव तिथे नाहीच. परत आलो आणि रकान्यात लिहिलं, 'रात्री दोनच्या मॅडम'. काउंटरवरची मुलगी वाचून म्हणाली, "काका, हे सिस्टीममध्ये घेत नाही."