टॅबची केबल लागेना, त्यात ४७,९४६ रुपये ८२ पैसे गेले

‘एवढ्या शिकलेल्या असून?’ हा प्रश्न मला बँकेत विचारला, पोलीस ठाण्यात विचारला, आणि आमच्या जाऊबाईंनी तर लक्ष्मीपुरीच्या बाजारात चार बायका ऐकत असताना विचारला. म्हणून मी फोनवरच्या भामट्याकडून कशी फसले ते एकदा सगळं लिहूनच टाकते. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं, फक्त रक्कम पुन्हा एकदा वाचून मग हसावं.

मी राजारामपुरीत दहावीच्या गणिताचे क्लास घेते. शिकवतानाचे व्हिडिओ टॅबवर करते. नवरात्राच्या तोंडावर टॅब भरला, नवीन रेकॉर्डिंग होईना, म्हणून जुने व्हिडिओ घरच्या डेस्कटॉपवर घ्यायचे होते. व्हॉट्सॲपवरून पाठवले की व्हिडिओ दाबून लहान होतो आणि फळ्यावरचं वर्गमूळ दिसेनासं होतं, त्यामुळे केबल हाच मार्ग. केबल लावली. टॅबवर चार्जिंगची खूण आली, कॉम्प्युटरवर काहीच नाही. ‘टुंग’ आवाज नाही, ‘धिस पीसी’मध्ये टॅबचं नाव नाही. दुसऱ्या पोर्टात लावून बघितलं, दोन्ही बंद करून चालू केले. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर प्रत्येकानं मला ‘रिस्टार्ट केलं होतं का?’ असं विचारून घेतलं. केलं होतं.

मग कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर कोल्हापूर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर एक नंबर, कंपनीचा लोगो, खाली चांदण्या. फोन केला तर उचलला नाही, पण दहाएक मिनिटांत तिकडूनच फोन आला. आता सगळे म्हणतात, कंपनी कधी स्वतःहून मोबाइल नंबरवरून फोन करते का? अहो, गॅस एजन्सीचा माणूस करतो, कुरियरवाला करतो, आणि ज्या बँकेनं मला पुढं अक्कल शिकवली तिचीसुद्धा माणसं कर्ज घ्या म्हणून मोबाइलवरूनच फोन करतात. कसं ओळखायचं?

फोनवरचा माणूस आधी हिंदीत बोलला, मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर मराठीवर आला. चांगलं मराठी. ‘ताई, टेन्शन घेऊ नका, ड्रायव्हरचा इश्यू आहे.’ ड्रायव्हर हा शब्द खरा आहे. यूएसबीनं टॅब जोडताना विंडोजला ड्रायव्हर, म्हणजे टॅबशी बोलायला मदत करणारा छोटा प्रोग्राम, लागतोच, तो बिघडतोही. ह्या लोकांचं हेच कसब, दहा वाक्यांतली सहा खरी असतात.

कॉम्प्युटरवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यात आलेले नऊ आकडे वाचून दाखवायला लावले, आणि माझ्यासमोर माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. त्यानं विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, एररच्या नुसत्या रांगा. ‘बघा ताई, सिस्टिम किती खराब झालीय.’ मग काळी खिडकी उघडून ‘नेटस्टॅट’ टाइप केलं. तिथं एका रकान्यावर ‘फॉरेन ॲड्रेस’ लिहून आलं. ‘हे बाहेरच्या देशातले लोक तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेत, म्हणून टॅबला जागा मिळत नाही.’

हे दोन्ही आज घरी उघडून बघा. तुमच्याही कॉम्प्युटरवर तसल्याच लाल-पिवळ्या नोंदी सापडतील, कारण विंडोज किरकोळ गोष्टींचीही नोंद ठेवतं. आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, मग ते कोल्हापुरातलं का असेना. परदेशाचा काही संबंध नाही. हे मला आता माहीत आहे. त्या वेळी पडद्यावर इंग्रजीत ‘फॉरेन’ दिसत होतं आणि कानात एक माणूस शांतपणे त्याचा अर्थ सांगत होता.

पहिले ४९९ रुपये तक्रार नोंदवायचे. दिले. मग ड्रायव्हरचं लायसन्स २,४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४९ रुपये ८२ पैसे, एकूण २,९४८ रुपये ८२ पैसे. मी गणिताची बाई. मनात हिशेब केला, पैशापर्यंत बरोबर आला. चोर जीएसटी लावून पैशापर्यंत चोख हिशेब देईल असं कुणाच्या डोक्यात येतं? मी यूपीआयनं तेही पाठवले. (यूएसबीच्या ड्रायव्हरचं लायसन्स असा काही प्रकारच नसतो. तो विंडोजबरोबर येतो किंवा फुकट मिळतो.)

आणि आता ती जागा, जी आठवली की अजून रात्री उठून बसते.

तो म्हणाला, ‘ताई, आता केबल काढून बाजूला ठेवा. प्रोसेस चालू असताना लावलेली असली तर शॉर्ट होईल.’

केबल काढा! ज्या केबलच्या जोडणीसाठी हा सगळा खटाटोप, तीच काढायला सांगतोय. नळाला पाणी येत नाही म्हणून प्लंबर बोलवावा आणि त्यानं आधी नळ काढून कपाटात ठेवा म्हणावं, तसंच की हे. आणि मी काढली. नीट गुंडाळी करून टेबलावर ठेवली. पुढचा सगळा वेळ त्यानं टॅबचं नावही काढलं नाही. सगळं बोलणं माझ्या मोबाइलवर आलं. मोबाइलवर सपोर्टचं ॲप घ्या, टॅबचं व्हेरिफिकेशन मोबाइलवरून होतं. टॅबचा रोग आणि औषध मोबाइलला! पण तोपर्यंत ३,४४७ रुपये ८२ पैसे गेलेले होते, काम अर्धवट टाकलं तर ते वाया जातील असं वाटत होतं. हेच त्यांना हवं असतं. आधीची रक्कमच पुढच्या रकमेची वसुली करते.

ते ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतं, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली होती. ‘अनोळखी ॲप’ असा इशारा आला, तो कसा बंद करायचा तेही त्यानंच सांगितलं. मग म्हणाला, वॉरंटीत बसतंय, तुमचे पैसे परत येणार. यूपीआय उघडा, रक्कमेच्या रकान्यात रिफंड कोड टाका. कोड होता २४९९९. मग पिन. गेले २४,९९९ रुपये. मी ओरडले, तर तोच माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा, ‘अरे, उलटा गेला काय, थांबा ताई, लगेच रिव्हर्स करतो, फक्त कार्डाचा नंबर कन्फर्म करा.’ कार्ड बघून मी नंबर टाकला. ओटीपी मी त्याला सांगितला नाही. एक आकडासुद्धा नाही. पण माझा पडदा त्याला दिसत होता, मेसेज वर आला आणि त्यानं तो वाचला. १९,५०० रुपये.

पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या क्लासच्या फळ्याच्या कोपऱ्यात आता कायम असतं.

फोन ठेवल्या ठेवल्या मी बँकेच्या टोल-फ्री नंबरला लागले. कर्जासाठी एक दाबा, ठेवींसाठी दोन दाबा, क्रेडिट कार्ड हवं असेल तर तीन दाबा. चोरी झाली असेल तर काय दाबायचं हे शेवटी कुठंतरी. माणूस येईपर्यंत संगीत वाजत होतं. ते ऐकत बसू नका. आधी थेट १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. तिथं माझी तक्रार लगेच घेतली, नंबर दिला, पैसे कुठल्या खात्यांत गेले ते शोधून एका खात्यात उरलेले ६,२१२ रुपये होल्ड केले. बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते. संगीत ऐकण्यात गेलेल्या वेळात किती गेले, ह्याचा हिशेब मला कुणी दिला नाही.

शाखेत गेले तर साहेब म्हणाले, ‘पिन तुमच्या हातानं टाकलाय, मग हे ऑथराइज्ड झालं.’ २४,९९९ चं एक वेळ सोडा. १९,५०० चं काय? त्यांनी तेच पालुपद लावलं. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे असं त्यात स्पष्ट आहे, आणि बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. साहेबांनी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, ‘हे हेड ऑफिसला मेल करा’ म्हणाले आणि चष्मा काढला. डिस्प्युटचा फॉर्म वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरच्या बाई रजेवर. आधारची झेरॉक्स द्या, पुन्हा द्या, ह्यावर सही नाही. ज्यांनी मला लुटलं त्यांनी निदान एकदाही झेरॉक्स मागितली नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हद्दीचा. घर कुठं, शाखा कुठं, फोन घेताना तुम्ही कुठं बसला होता. दुसऱ्या खेपेला ललितापंचमी होती, त्र्यंबोली यात्रेचा बंदोबस्त, सगळे टेंबलाईला. बरोबर आहे, अंबाबाईची पालखी मोठी की माझी केबल! पण नवरात्र संपल्यावरही माझा नुसता अर्जच घेतला, गुन्हा नोंदवला नाही. ‘ऑनलाइन नंबर पडलाय ना तुमचा? मग बघा वाट.’ मी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड म्हटलं, तोतयेगिरी करून कॉम्प्युटरनं फसवण्याचं, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. तर अंमलदार शेजारच्याला म्हणाले, ‘आता कलमंपण ह्याच सांगायला लागल्या.’ वर, इथं कोटीकोटीच्या केसेस पडल्यात, तुमचं काय घेऊन बसलाय. माझी चार महिन्यांची क्लासची शिल्लक घेऊन बसलेय, साहेब. हे तिथं बोलले नाही, म्हणून इथं लिहितेय.

स्क्रीन दाखवणारं कुठलंही ॲप घेतलं असेल तर आधी मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करा, मग ते ॲप काढा, पिन-पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. क्रम महत्त्वाचा आहे. मी उलटा केला, नवीन पासवर्ड त्यांच्या डोळ्यांदेखत टाइप केला. बँकेचं लेखी उत्तर तीस दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मी केलीय. शाखेत तोंडी भांडलेलं तिथं धरत नाहीत, पोचपावती लागते. मला पोचपावती मिळवतानाच नाकी नऊ आले.

टॅबचं काय झालं? माझा एक जुना विद्यार्थी शाहूपुरीत मोबाइलच्या दुकानात काम करतो. त्याच्याकडं सगळं घेऊन गेले. त्यानं टॅबला हातसुद्धा लावला नाही. केबल उचलली आणि म्हणाला, ‘मॅडम, ही कशाबरोबर आलेली?’ चार्जिंगच्या टॉर्चबरोबर. ‘मग हिच्यात डेटाच्या तारा नसणार की.’ साध्या डेटा केबलमध्ये विजेच्या दोन आणि माहितीच्या दोन तारा असतात. स्वस्तातल्या चार्जिंगच्या केबलमध्ये विजेच्याच तेवढ्या असतात. म्हणून टॅब चार्ज होत होता आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नव्हता. १८० रुपयांची केबल घेतली.

एवढ्यावरही लगेच दिसलं नाही, हे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही पुन्हा कुणाला तरी फोन लावाल. अँड्रॉइडवर केबल लावली की मुळात ‘फक्त चार्जिंग’ असतं. वरून खाली बोट ओढायचं, यूएसबीची सूचना दाबायची, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. टॅबचं लॉक उघडलेलं हवं, नाहीतर नाव दिसतं आणि आत रिकामं दिसतं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात थेट लावायचं, मधे जास्तीचे पोर्ट देणारा हब नको. तरीही दिसलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्टेबल डिव्हायसेस’खाली टॅबची नोंद शोधून ‘अनइन्स्टॉल’ करायची आणि केबल काढून पुन्हा लावायची, विंडोज ड्रायव्हर स्वतः बसवतं. विंडोजच्या नावात शेवटी सुटं ‘एन’ अक्षर असेल तर मीडिया फीचर पॅक वेगळा घ्यावा लागतो, तो मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतो. ह्यातल्या एकाही पायरीला कुणाला पडदा दाखवायची गरज नाही. कंपनीचा नंबर हवाच असेल तर तो खोक्यावर छापलेला असतो, टॅबच्या सेटिंगमध्येही बहुधा असतो. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारा नंबर पैसे भरून वर आणलेला असू शकतो. मी त्याची तक्रार टाकली. परवा बघितलं तर नंबर बदललाय, लोगो आणि चांदण्या तशाच.

होल्डवरचे ६,२१२ रुपये सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. एका वकिलांना फी विचारली. पाच हजार सांगितली, टायपिंग वेगळं.