बिडाचा तवा: एक पावसाळा काढल्यावर

मे महिन्यात आठवडा बाजारातून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला. दहा इंची, दोन बाजूंना कान, वजन दोन किलोच्या वर, साडेसहाशे रुपये. जुन्या नॉनस्टिक तव्याचं काळं आवरण घावण्यांबरोबर निघायला लागलं होतं, म्हणून तो जुना काढून टाकला.

विकणारा म्हणाला होता, "घरी न्या नि लगेच घावणे घाला." तिथेच फसले. पहिलं पीठ ओतलं ते तव्याला धरूनच बसलं, खरवडून काढलं तर काळपट. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आधी तवो पेजेत घाल गो, मगे बघ."

तीन दिवस तवा भाताच्या पेजेत बुडवून ठेवला, पेज रोज बदलली. मग काथ्याने घासला, गॅसवर पूर्ण सुकवला आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवला. असं चार वेळा. मी आधी खोबरेल लावलं होतं, पण ते नीट बसत नाही, तवा चिकट राहतो. शेंगदाण्याच्या तेलाने थर धरला. शेवटी कांद्याच्या फोडी काळ्या होईस्तोवर परतून टाकून दिल्या.

आता घावणे असे सुटतात की उलथनं नुसतं कडेने फिरवायचं. तवा मात्र नीट तापलेला हवा, पाण्याचे थेंब नाचले पाहिजेत. पीठ ताकाहून पातळ ठेवायचं आणि दर घावण्याला तळापासून ढवळायचं, तांदूळ खाली बसतो. तेल नारळाच्या सोडणाने पुसायचं. झाकण ठेवून मिनिटभरात बारीक जाळी पडते. ही जाळी नॉनस्टिकवर मला कधीच मिळाली नाही.

जपायला लागतं, हे खरं. नागपंचमीला आमच्याकडे तवा चुलीवर ठेवत नाहीत. आदल्या दिवशी धुऊन ओलसरच फडताळात ठेवला आणि माहेरी गेले. चौथ्या दिवशी आले तर तांबूस गंज. समुद्राकाठची दमट हवा, त्यात श्रावण! जाडं मीठ नि काथ्या घेऊन घासला आणि पुन्हा तेल देऊन तापवला, तेव्हा मूळपदावर आला. तेव्हापासून धुतल्यावर दोन मिनिटं गॅसवर सुकवते, तेलाचं बोट फिरवते, मगच आत. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतू नका, बीड तडकतं. कोकम-चिंचेचं आंबटही त्यात शिजवू नका, थर जातो नि पदार्थ काळा पडतो.

बांगडे यात झकास भाजतात, पण दुसऱ्या दिवशीच्या घावण्याला वास येतो. मी माशांसाठी आठ इंची दुसरा घेतला. मनगट दुखत असेल त्यांनीही आठ इंचीच बघावा, मोठा एका हाताने उचलत नाही. घेताना बोटांनी आतली बाजू चाचपा. माझ्या तव्याला मधोमध खरबरीत डाग आहे आणि घावणं अजून तिथेच किंचित अडतं.