हेल्थ सरचार्जचे ३ लाख ३० हजार

नर्सिंग ब्युरोत काम करणाऱ्या आम्हा भांडुप-विक्रोळीकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तीच जाहिरात फिरायला लागलीय. 'यूके केअरगिव्हर, महिना २ लाख, फॅमिलीसकट, शेवटच्या काही जागा.' फोटो नवा, नंबर नवा, भाषा मात्र माझ्या ओळखीची. म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं सांगते. केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर या कामांसाठी परदेशातून नवी माणसं घेणं ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. आधीपासून तिथे कामाच्या व्हिसावर असलेल्यांना काही अटींवर मालक बदलता येतो, पण मुंबईतून नव्याने अर्ज करता येत नाही. तेव्हा आज तुम्हाला हा व्हिसा 'करून देतो' म्हणणारा सरळसरळ थाप मारतोय. मी गेले तेव्हा रस्ता उघडा होता, व्हिसा खरा होता, कंपनीही खरी होती. तरी मला लुटलं. कसं, ते ऐका.

मी एएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, केलाय. लग्नाआधीपासून पेशंट सांभाळते. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, बहुतेक बारा तासांची ड्युटी. अर्धांगवायूचा पेशंट कुशीवर कसा वळवायचा, नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, बेडसोर होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. एजंटला अशीच बाई हवी असते. काम येणारी, आणि घरात थोडंफार सोनं असलेली.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. एसी, काचेची केबिन, बसल्याबरोबर चहा. भिंतीवर तीन फ्रेमा: गुमास्ता लायसन्स, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि एका पुढाऱ्याबरोबरचा फोटो. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद. ते वडापाववालाही काढू शकतो. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते. तो कागद भिंतीवर नव्हता आणि कपाटातही नव्हता, हे नंतर कळलं. नोंदणी असलेल्या एजंटलाही कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तीत नाव शोधायला पैसे पडत नाहीत.

मला जे कोटेशन दिलं त्यात एकूण आकडा चौदा लाखांच्या वर होता. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सगळे ज्याला सीओएस म्हणतात, तिकडच्या कंपनीने नोकरी देत असल्याचा दाखला, त्याचे साडेसात लाख. व्हिसा फी ९० हजार. पोलीस क्लिअरन्स १२ हजार. आणि 'हेल्थ सरचार्ज, ३ वर्षे', म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम, ३ लाख ३० हजार.

खऱ्या किमती अशा होत्या. तिकडच्या कंपनीने सीओएससाठी सरकारला भरायची फी तेव्हा २३९ पाउंड होती, पंचवीसएक हजार रुपये. माझ्यासारख्यांना मिळायचा त्या हेल्थ अँड केअर व्हिसाची तीन वर्षांपर्यंतची फी २८४ पाउंड. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून ५०० रुपयांत निघतं. ते मी स्वतःच काढलं होतं, तरी १२ हजार कोटेशनमध्ये राहिलेच. विचारलं तर म्हणाला, "ताई, फाइल प्रोसेसिंग असतं त्यात."

पण सगळ्यात सफाईदार काम सरचार्जचं. नवरा म्हणाला, हे काय आहे? एजंटने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि ब्रिटिश सरकारची खरीखुरी साइट उघडली. "बघा मिस्टर, वर्षाला १,०३५ पाउंड. मी कशाला खोटं बोलू?" मग मोबाइलवर आमच्यासमोर हिशोब केला. गुणिले तीन, गुणिले पाउंडचा भाव. आकडा बरोबर जुळला. "एकदा हे भरलं की तिकडे डॉक्टर, हॉस्पिटल, ऑपरेशन, सगळं फ्री. नाही भरलं तर व्हिसाच नाही." साइट खरी, दर खरा, गुणाकार खरा. फक्त हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्यांना हा सरचार्ज पूर्ण माफ आहे, हे त्याच साइटवर खाली लिहिलेलं होतं. तिथपर्यंत त्याने पान खाली नेलंच नाही.

दुसरी थाप फॅमिलीची. "मिस्टर आणि मुलगी सहा महिन्यांत तिकडे." हे एप्रिल २०२४ मधलं बोलणं. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करच्या नव्या अर्जदारांना नवरा-मुलं नेण्याची परवानगीच बंद झाली होती. रोजचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नव्हतं, असं कोण मानेल?

मंगळसूत्र सोडून बाकी सोनं तारण, सासऱ्यांच्या फंडातले पैसे, उरलेलं पतपेढीचं कर्ज. सीओएसची रक्कम त्याने रोख मागितली. बाकीच्याच्या पावत्या दिल्या, पण त्यांवर लिहिलं 'कन्सल्टन्सी चार्जेस'. नोकरीचा उल्लेख कुठेच नाही. हा शब्द पुढे पोलीस स्टेशनात किती नडला ते सांगतेच.

ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडातल्या एका छोट्या शहरात पोचले. कंपनी सरकारच्या स्पॉन्सर यादीत, म्हणजे परदेशी कामगार आणायची परवानगी असलेल्यांत, होती, मी जायच्या आधी पाहिलं होतं. पण यादीत नाव असणं म्हणजे तिच्याकडे सगळ्यांना पुरेल एवढं काम असणं नव्हे. करारात आठवड्याचे ३९ तास लिहिलेले, मिळायचे बारा-पंधरा. काम घरोघरी जाऊन करायचं. एका म्हाताऱ्याला अंघोळ घालून दुसऱ्या आजीकडे बसने जायचं. मधला प्रवास पगारात धरायचाच नाही, जो तिथल्या कायद्याने धरावा लागतो. खोलीचं भाडं मात्र दर आठवड्याला न चुकता कापलं जायचं. एका खोलीत आम्ही दोघी होतो, मी आणि केरळातल्या कोट्टायमची एक चेची, म्हणजे ताई.

नोव्हेंबरमध्ये मला लघवीचा त्रास सुरू झाला. मग थंडी वाजून ताप, कंबरेत कळा. इन्फेक्शन किडनीकडे चाललंय हे मला कळत होतं, दुसऱ्यांच्या पेशंटमध्ये मी ते कितीदा ओळखलंय. मॅनेजर बाईला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही बाहेरच्या, एनएचएस (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) तुमच्यासाठी नाही, बिल येईल आणि बिल थकलं तर व्हिसा जाईल. मी मुंबईच्या एजंटला फोन केला. म्हटलं, सव्वातीन लाख भरलेत ना त्याचे? तो म्हणाला, "ताई, सरचार्ज हॉस्पिटलचा असतो, साध्या डॉक्टरचा नाही. क्रोसिन घ्या, मॅनेजरशी वाद घालू नका."

मॅनेजरची धमकी हवेतली नव्हती, हे समजून घ्या. ज्यांना एनएचएस बिल लावते त्यांचं मोठं बिल थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येते, हे खरं आहे. पण तो नियम बाहेरून फिरायला आलेल्यांसारख्या लोकांना. कामाच्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या केअर वर्करला तिथल्या रहिवाशासारखेच उपचार मिळतात. अर्धा नियम सांगून माणसाला घाबरवायचं, हे अंधेरीत चालतं तसंच तिकडेही चालतं.

चेचीने मला दुसऱ्या दिवशी ओढतच नेलं. घराजवळच्या जीपीच्या दवाखान्यात, जीपी म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर. काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. नाव, जन्मतारीख, पत्ता, आधीचे आजार. व्हिसा दाखवा म्हणाली नाही, पैसे मागितले नाहीत. जीपीकडे नाव नोंदवायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं, हे चेचीला आधीच्या अनुभवातून ठाऊक होतं. त्याच दिवशी डॉक्टरने तपासलं, लघवीची तपासणी झाली, अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळाली. औषधाच्या दुकानात ९ पाउंड ९० पेन्स लागले. इंग्लंडात प्रत्येक औषधामागे एवढे भरावे लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. रात्रीबेरात्री काही झालं तर १११ नंबर लावायचा, जिवावर बेतलं तर ९९९. भांडुपला साधी सोनोग्राफी करायची तरी आधी पाकीट चाचपावं लागतं, तिथे कुणी हात पुढे केला नाही.

बिछान्यात पडल्या पडल्या मी व्हिसाच्या अर्जाचे कागद मागवले. अर्ज एजंटने स्वतःच्या ईमेलवरून भरला होता, त्यामुळे तोवर मी काही पाहिलेलंच नव्हतं. बराच तगादा लावल्यावर त्याच्या ऑफिसातल्या मुलीने, बहुतेक कंटाळून, सगळी पीडीएफ पाठवून दिली. व्हिसा फी भरल्याची पावती होती. सरचार्ज भरल्याची पावती कुठेच नव्हती, कारण तो कुणी भरलाच नव्हता.

पुढचं थोडक्यात. २०२५च्या सुरुवातीला सरकारने कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स काढून घेतलं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथे केअर क्षेत्रातली अशी ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली होती, म्हणजे आमची कंपनी काही एकटी नव्हती. पत्र आलं की ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. जिथे जिथे विचारलं तिथे गाडी चालवता येते का, हा पहिला प्रश्न. मला येत नाही. परत आले.

अंधेरीच्या ऑफिसवर आता 'स्टडी अब्रॉड'चा बोर्ड आहे, आत मात्र कॅनडा विकतात. केअर वर्करना थेट कायमचा रहिवास, म्हणे. कॅनडाने तशी योजना ३१ मार्च २०२५ ला उघडली खरी, पण ती कॅनडात आधीच काम करत असलेल्यांसाठी. आणि 'एलएमआयए'ची, म्हणजे परदेशी कामगार घ्यायला तिथल्या मालकाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीची, फी सांगत असतील तर ती तिथला मालक भरतो, कामगाराकडून वसूल करायला त्याला बंदी आहे.

पोलीस स्टेशनात पहिल्यांदा गेले तेव्हा साहेबांनी पावती पाहिली आणि कागद परत सरकवला. "मॅडम, कन्सल्टन्सीचे पैसे आहेत, व्हिसा मिळाला, तुम्ही जाऊन आलात. हे सिव्हिल मॅटर आहे." मी अर्ज लेखी दिला आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाही. मग बीकेसीला विदेश भवनात गेले. तिथे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे. आमचं बोलणं झालेले व्हॉट्सॲप मेसेज, 'जॉब कन्फर्म' लिहिलेला त्याचा ईमेल, कोटेशन, सगळं जोडून तक्रार दिली. हा माणूस नोंदणीकृत एजंट नाही, असं त्यांच्याकडून लेखी मिळालं. तो कागद नेल्यावर पोलीस स्टेशनात बसायला खुर्ची मिळाली. विनानोंदणी भरती करणं हाच एमिग्रेशन कायद्याच्या कलम १० चा भंग आहे. व्हिसा खरा निघाला की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नाही.

गुन्हा नोंदवायची भाषा सुरू झाली तशी एजंटला माझी आठवण आली. सरचार्जचे आणि सर्व्हिसचे पैसे परत म्हणून दोन चेक दिले. पहिला वटला, दुसरा परत आला. वकिलांनी त्याच आठवड्यात नोटीस पाठवली, कारण चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली नाही तर त्या बाउन्सवर कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस उभी राहत नाही. आता तारखा चालू आहेत. त्याच ऑफिसात पैसे भरलेल्या कांजूरच्या एकीला असाच चेक मिळाला होता. "ताई, पुढच्या सोमवारी नक्की" म्हणत म्हणत त्याने तिचे ते तीस दिवस घालवले.