सिरोंच्याहून पलीकडे: कालेश्वरम की पातागुडम?

गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचा. इथून दोन वाटा, दोन राज्यं. बाइकवाल्यांना दोन्हींची भुरळ.

कालेश्वरम सोपं. गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगणा. प्राणहिता-गोदावरीचा संगम, देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं, एक यमाचं, एक शिवाचं. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. दुपारपर्यंत परत.

मला विचाराल तर इंद्रावतीकाठचं पातागुडम. राष्ट्रीय महामार्ग 63 जंगलातून इंद्रावतीवर येतो, पुलापलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा, पुढे भोपालपट्टणम. पुलावर गाडी बंद केली, तर इंजिनाचं टिकटिक तेवढं ऐकू येत होतं. खाली एक म्हातारा डोंग्यात उभा राहून जाळं झटकत होता, एकच मासा, तोही बोटाएवढा. अलीकडच्या टपरीवर चहावाल्याने आधी तेलुगूत विचारलं, मग माडियात, शेवटी हसून मराठीत, ‘साखर किती?’

मात्र पेट्रोल सिरोंच्यातच भरा, रेंजच्या भरवशावर राहू नका, आधार कार्ड खिशात असू द्या. नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेलेला पट्टा, तपासणी होऊ शकते. पोलिसांचे किंवा सुरक्षा दलांच्या कॅम्पचे फोटो काढायचे नाहीत. अंधार पडायच्या आत परता. पावसाळ्यात तर हा बेतच नको, नाले चढले की रस्ता तुटतो. लेकरंबाळं सोबत असतील तर मुकाट्याने कालेश्वरम.