वोल्तेर्राची ब्राँझ मूर्ती: मुंबईचा एक पावसाळा काढल्यानंतर

इटलीतल्या वोल्तेर्राच्या ग्वार्नाच्ची संग्रहालयात 'ओंब्रा देल्ला सेरा' (संध्याकाळची सावली) नावाची, प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांची मूर्ती आहे. इसवी सनापूर्वी तिसरं शतक, उंची साडेसत्तावन्न सेंटिमीटर. सावलीसारखं लांबुडकं अंग, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले आणि वर चेहरा मात्र अगदी लहान मुलाचा. तिची वीतभर प्रतिकृती गेल्या उन्हाळ्यात घरी आली.

माझी ओतीव ब्राँझची आहे. रेझिनमध्ये ब्राँझची भुकटी मिसळलेल्या प्रतिकृती निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि फोटोत फरक कळत नाही. हातात घेतलं की कळतो: धातू गार लागतो आणि वजन जाणवतं. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका, तो दोन्हींना चिकटत नाही.

आता काम कसं आहे ते. धड छान जमलंय, त्यात बिघडण्यासारखं फारसं नाहीच. खरी कसोटी चेहऱ्याची. मूळ मूर्तीच्या ओठांवर किंचित हसू आहे. इथे ते एका बाजूला जरा जास्तच ओढलं गेलंय, त्यामुळे पठ्ठ्या काहीतरी लपवतोय असं वाटतं. मला आवडतं, बायकोला नाही.

हिरवट-काळा रंग रसायनं आणि आच देऊन आणलेला असतो, वर मेणाचा हात. आमचं घर समुद्राजवळ. श्रावणात पावलांच्या बेचक्यात फिकट हिरवी भुकटी दिसली. कोरड्या मऊ ब्रशने झाडली, मेण पुन्हा लावलं, मूर्ती खिडकीपासून हलवली. त्यानंतर काही नाही. आईने तांब्या-पितळेच्या सवयीने चिंच काढली होती. तेवढं करू देऊ नका, सगळा रंग जाईल.

सोबत रेझिनची आरेत्सोची चिमेराही घेतली होती: सिंहाचं धड, पाठीवर बकरीचं डोकं आणि सापाची शेपूट असलेला एट्रुस्कन ब्राँझचा काल्पनिक प्राणी. मूळ ब्राँझ 1553 मध्ये सापडलं, तेव्हा शेपूट जागेवर नव्हती. बकरीचं शिंग चावणारी सापाची शेपूट अठराव्या शतकात बसवलेली, आणि अभ्यासकांना ती चुकीची वाटते. प्रतिकृतीत तीच आहे, ते चालेल. पण उजव्या पुढच्या पायावरची एट्रुस्कन अक्षरं नुसत्या ओरखड्यांसारखी उमटलीत आणि आयाळीच्या टोकांचा सोनेरी रंग आताच उडालाय.

ब्राँझची सावली जरूर घ्या. रेझिनच्या चिमेराचे पैसे मात्र फ्लोरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या तिकिटाला घाला, मूळ तिथेच आहे.